‘समाधान ३.८’ म्हणजे नेमकं किती?

वर्षातून एकदा बऱ्याच कंपन्यांत एक स्लाइड झळकते : ‘कर्मचारी समाधान, ५ पैकी ३.८’. शेजारी गेल्या वर्षीचा ३.७ आणि वर जाणारा हिरवा बाण. संचालक माना डोलावतात, मनुष्यबळ विभागाला शाबासकी मिळते आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते. त्या एका दशांशामागे शेकडो माणसांनी भरलेले अर्ज असतात. कुणी मनापासून भरलेले, कुणी जेवणाच्या सुट्टीत उरकलेले, तर कुणी साहेब वाचतील या धास्तीने सगळीकडे ‘सहमत’वर खूण करून सोडून दिलेले.

या ढिगाचं वर्णन करायला लागणारी साधनं आपण शाळेतच शिकलेलो असतो. मध्य, मध्यक, बहुलक, वारंवारता सारणी, स्तंभालेख. थोडं पुढे गेल्यावर प्रमाण विचलन आणि चतुर्थक. हीच वर्णनात्मक सांख्यिकी. अभ्यासक आणि सल्लागार दोघेही तिला जरा खालच्या पायरीवर बसवतात. प्रबंधात ती दोन-चार पानांत उरकली जाते आणि मग चाचण्या, प्रतिमानं, हल्ली मशीन लर्निंग असं ‘खरं’ विश्लेषण सुरू होतं. मला हा क्रम उलटा वाटतो. नोकरीतल्या समाधानाच्या सर्वेक्षणात शोधण्याजोगं जे असतं, त्यातलं बहुतेक या प्राथमिक साधनांनीच सापडतं. चुकाही बहुतेक इथेच होतात, कारण सरासरी काढून सगळे घाईने पुढे जातात.

कामावरचं समाधान मोजता येतं ही कल्पना जेमतेम शंभर वर्षांची आहे. शिकागोजवळ सिसरो इथल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात. त्यांतला प्रकाश कमी-जास्त करण्याचा भाग सगळ्यांना पाठ असतो. मुलाखतींचा भाग कमी सांगितला जातो. १९२८ ते १९३० दरम्यान तिथे २१,१२६ मुलाखती झाल्या. सुरुवातीला प्रश्न ठरलेले होते. कामगार त्या प्रश्नांना बगल देऊन स्वतःला सलणारंच बोलत, म्हणून पुढे त्यांना हवं ते बोलू द्यायचं ठरलं. एवढं मोकळं बोलणं मोजायचं कसं, हा प्रश्न मात्र उरला.

त्याचं सर्वांत सोपं उत्तर रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये दिलं. त्याआधी लुई थर्स्टन यांची पद्धत होती. तिच्यात प्रत्येक विधानाचं वजन ठरवायला आधी परीक्षकांचं मंडळ बसवावं लागे. लिकर्ट यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या संशोधनात दाखवलं की पूर्ण असहमतीपासून पूर्ण सहमतीपर्यंतच्या पायऱ्यांना सरळ १ ते ५ असे अंक दिले आणि अनेक विधानांच्या गुणांची बेरीज केली, तरी जवळपास तेच उत्तर येतं. यातला ‘अनेक विधानांची बेरीज’ हा भाग पुढे लोक विसरले. आज एकेका प्रश्नालाच ‘लिकर्ट स्केल’ म्हणायची पद्धत पडली आहे. लिकर्ट यांचा हिशोब एका प्रश्नाच्या उत्तराबद्दल नव्हताच. १९३५ मध्ये रॉबर्ट हॉपॉक यांनी पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होप नावाच्या लहान गावातल्या कमावत्या माणसांची पाहणी करून ‘जॉब सॅटिस्फॅक्शन’ हे पुस्तक लिहिलं. बहुसंख्य लोक आपण समाधानी आहोत असं सांगतात, हे तेव्हाच दिसलं होतं आणि आजही बहुतेक देशांत तसंच दिसतं. त्यामुळे या विषयातल्या आलेखाचा भार कायम उजवीकडे, म्हणजे वरच्या गुणांकडे असतो आणि नाराजांची शेपटी डावीकडे लांबते. अशा ठिकाणी सरासरी काय दाखवते, यावरूनच पुढचे सगळे वाद पेटले.

पहिला वाद तात्त्विक. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मोजमापाच्या चार पातळ्या मांडल्या. क्रमांक फक्त क्रम सांगत असतील, तर त्यांची बेरीज-भागाकार करता येत नाही, मध्यकावर थांबावं, असा त्यातला नियम. ‘असमाधानी’ ते ‘तटस्थ’ हे अंतर आणि ‘समाधानी’ ते ‘अत्यंत समाधानी’ हे अंतर सारखं आहे, हे कुणी ठरवलं? प्रश्न रास्त आहे. १९५३ मध्ये फ्रेडरिक लॉर्ड यांनी फुटबॉल खेळाडूंच्या जर्सीवरच्या क्रमांकांची गोष्ट रचून या नियमाची खिल्ली उडवली. नवख्या संघाला मुद्दाम लहान क्रमांक वाटले गेले का, हे तपासायचं असेल, तर त्या क्रमांकांची सरासरी काढायला काय हरकत आहे, हा त्या गोष्टीचा रोख. हा वाद आजतागायत मिटलेला नाही. व्यवहारात दहा-वीस प्रश्नांच्या बेरजेची सरासरी काढायला माझी हरकत नाही. एका प्रश्नाची सरासरीही काढावी. पण ती एकटी छापू नये. याचं कारण स्टीव्हन्स यांच्या नियमापेक्षा साधं आहे.

समजा, एका कारखान्यात चाळीस-चाळीस माणसांचे दोन विभाग आहेत. पहिल्यात समाधानाला १ गुण देणारे दोघं, २ देणारे सहा, ३ देणारे चोवीस, ४ देणारे सहा आणि ५ देणारे दोघं. दुसऱ्यात १ देणारे सोळा, २ देणारे तिघं, ३ देणारे दोघं, ४ देणारे तिघं आणि ५ देणारे सोळा. सरासरी दोन्हीकडे बरोबर ३. मध्यकही दोन्हीकडे ३, म्हणजे स्टीव्हन्स यांचा सल्ला पाळूनही काही कळलं नाही. फरक दिसतो तो प्रमाण विचलनात : पहिल्या विभागात ०.८४, दुसऱ्यात १.८३. आणि वारंवारता सारणीत तर तो लपूच शकत नाही. पहिला विभाग कोमट आहे; दुसरा दुभंगलेला आहे. तिथे बहुधा दोन गट आहेत, दोन पाळ्या आहेत, किंवा एका साहेबाची मर्जी आहे. पहिल्या विभागाला जो उपाय लागेल तो दुसऱ्याला लागू पडणार नाही, आणि ‘३.०’ एवढंच छापणाऱ्या अहवालात हे दोन्ही विभाग जुळे भाऊ दिसतात.

पाच पायऱ्यांच्या उत्तरांसाठी साधा स्तंभालेख पुरतो. जॉन ट्युकी यांनी १९७७ च्या ‘एक्सप्लोरेटरी डेटा अ‍ॅनालिसिस’ या पुस्तकातून लोकप्रिय केलेला बॉक्स प्लॉट पगार किंवा नोकरीची वर्षं यांसाठी सुरेख आहे. पण पाचच किमती असलेल्या प्रश्नावर तो ओबडधोबड डबा काढून देतो, त्यातून काहीच वाचता येत नाही. वृत्तालेखाबद्दल न बोललेलंच बरं.

आता एक खराखुरा, म्हणजे खरोखर उपलब्ध असलेला डेटासंच पाहू. व्यवस्थापन किंवा डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती कॅगल या डेटासंचांच्या संकेतस्थळावरचा आयबीएमचा ‘एचआर अ‍ॅनालिटिक्स’ संच कधी ना कधी पडतोच. १,४७० कर्मचारी, ३५ रकाने. समाधानाला १ ते ४ गुण : १ म्हणजे कमी, २ मध्यम, ३ जास्त, ४ खूप जास्त. ही पट्टी मुळातच एका बाजूला कललेली आहे, हे आधी लक्षात घ्यावं. ‘खूप कमी’ म्हणायची सोयच तिच्यात नाही.

१ गुण देणारे २८९, २ देणारे २८०, ३ देणारे ४४२ आणि ४ देणारे ४५९. सरासरी २.७३. इथे हमखास होणारी एक गफलत सांगतो. पुष्कळ जण २.७३ ला ४ ने भागतात आणि ‘६८ टक्के समाधान’ असं लिहितात. पट्टी शून्यापासून सुरू होत नाही, १ पासून होते. सगळ्यांनी सर्वांत वाईट उत्तर दिलं असतं तरी या हिशोबाने २५ टक्के समाधान निघालं असतं! १ ते ४ या तीन पायऱ्यांच्या अंतरापैकी किती चढलो, असं मोजलं तर उत्तर सुमारे ५८ टक्के येतं. सुरुवातीच्या स्लाइडवरचे ३.८ सुद्धा ७६ टक्के होत नाहीत, ७० होतात. त्यापेक्षा ‘१,४७० पैकी ९०१ जणांनी, म्हणजे ६१ टक्क्यांनी, जास्त किंवा खूप जास्त समाधान सांगितलं’ हे वाक्य प्रामाणिक आहे आणि कुणालाही कळतं.

या संचात कोण नोकरी सोडून गेलं तेही दिलं आहे. २३७ जण गेले, म्हणजे १६ टक्के. गेलेल्यांची समाधानाची सरासरी २.४७, राहिलेल्यांची २.७८. फरक ०.३१. हा आकडा ऐकून कुणाची झोप उडणार नाही. तीच माहिती आडव्या-उभ्या सारणीत मांडा. १ गुण देणाऱ्यांपैकी २२.८ टक्के गेले, २ देणाऱ्यांपैकी १६.४, ३ देणाऱ्यांपैकी १६.५ आणि ४ देणाऱ्यांपैकी ११.३. दोन टोकांत दुपटीचा फरक आहे आणि मधल्या दोन पायऱ्यांत काहीच नाही. सरासरीने किंवा सहसंबंधाच्या एका अंकाने ही मधली सपाटी कधीच दिसली नसती. म्हणजे ‘मध्यम’ला ‘जास्त’पर्यंत चढवण्यासाठी खर्च करण्याऐवजी अगदी तळाच्या २८९ जणांशी बोलणं अधिक शहाणपणाचं, असा अर्थ निदान या आकड्यांपुरता तरी निघतो.

तीच सारणी दुसऱ्या दिशेने वाचली की वेगळीच गोष्ट समोर येते. गेलेल्या २३७ पैकी १२५ जणांनी ३ किंवा ४ गुण दिले होते. निम्म्याहून जास्त जाणारे ‘समाधानी’ होते! टक्केवारी कुणाच्या संख्येवर काढली, ओळीच्या की रकान्याच्या, हे न सांगता दिलेला टक्का जवळपास निरुपयोगी असतो. आणि समाधान बाजूला ठेवून ओव्हरटाइमचा रकाना घेतला, तर ओव्हरटाइम करणाऱ्या ४१६ पैकी १२७ गेले, म्हणजे ३०.५ टक्के, न करणाऱ्या १,०५४ पैकी ११०, म्हणजे १०.४ टक्के. तिप्पट फरक. माणसाला ‘खूश आहेस का’ विचारण्यापेक्षा ‘घरी किती वाजता जातोस’ हे विचारणं इथे जास्त सांगून गेलं.

नुसत्या वर्णनाने सापडणाऱ्या आणखी काही गमती या संचात आहेत. तीन रकान्यांत सगळ्या १,४७० ओळींना एकच किंमत आहे, म्हणजे त्यांचं असणं-नसणं सारखंच. कामगिरीच्या मूल्यांकनाला १ ते ४ ची पट्टी आहे, पण प्रत्यक्षात १,२४४ जणांना ३ आणि उरलेल्या २२६ जणांना ४ मिळालेत. अख्ख्या कंपनीत ‘उत्कृष्ट’च्या खालचा एकही माणूस नाही. मासिक उत्पन्नाची सरासरी ६,५०३ आणि मध्यक ४,९१९ आहे. वरच्या थोड्या मोठ्या पगारांनी सरासरी ओढून नेली. ‘आमच्याकडे सरासरी पगार इतका’ असं कुणी म्हटलं की मध्यक विचारावा. मनुष्यबळ विभागात फक्त ६३ माणसं आहेत, म्हणजे तिथला एक माणूस १.६ टक्क्यांचा. विभागवार टक्केवारीची क्रमवारी लावून ‘मनुष्यबळ विभागातली गळती संशोधन विभागापेक्षा जास्त’ अशी बातमी करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं : १९ विरुद्ध १३.८ टक्के हा फरक तीन-चार माणसं इकडची तिकडे झाली तरी पुसून जातो.

आणि आता मुख्य गोष्ट. ही १,४७० माणसं अस्तित्वातच नाहीत. आयबीएमच्या डेटा सायंटिस्टांनी शिकवण्यासाठी रचलेला हा काल्पनिक संच आहे, असं त्याच्या परिचयात लिहिलेलं आहे. तरीही त्यावरून ‘कर्मचारी नोकरी का सोडतात’ याचे निष्कर्ष काढणारे प्रकल्प आणि लेख निघतच असतात. तो काल्पनिक असल्याची कुणकुण वर्णनातूनही लागते. त्यात पगार आणि समाधान यांचा सहसंबंध -०.००७, म्हणजे शून्यच आहे. प्रत्यक्ष जगातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये घेतला. त्यात पगाराची पातळी आणि नोकरीतलं समाधान यांचा सहसंबंध सुमारे ०.१५ आला. लोकांना वाटतो त्यापेक्षा तो बराच कमी आहे, पण शून्य नाही. साधनं शिकायला हा संच उत्तम. माणसांबद्दल शिकायला नाही.

समाधान हा एकच प्रश्न आहे का, हाही जुना तिढा. पॅट्रिशिया केन स्मिथ, लॉर्न केंडल आणि चार्ल्स ह्यूलिन यांनी १९६९ मध्ये ‘जॉब डिस्क्रिप्टिव्ह इंडेक्स’ मांडला. काम, पगार, बढती, वरिष्ठ आणि सहकारी असे त्याचे पाच पैलू आहेत आणि मूळ रूपात ७२ बाबी. उत्तरं तीनच : होय, नाही, किंवा प्रश्नचिन्ह. अनुकूल उत्तराला ३ गुण, प्रतिकूल उत्तराला ०. मग प्रश्नचिन्हाला किती? मधोमध म्हणून दीड द्यावासा वाटेल. त्यांनी १ दिला, कारण पाहणीत असं दिसलं की प्रश्नचिन्हावर खूण करणारे लोक समाधानी लोकांपेक्षा असमाधानी लोकांच्या जवळचे असतात. ‘तटस्थ’ या रकान्याकडे पाहायची ही दृष्टी आपल्या कंपन्यांनी उचलावी अशी आहे. तटस्थांना गुपचूप समाधानींत मिसळून ‘८५ टक्के नाराज नाहीत’ असं लिहिणारे अहवाल मी वाचले आहेत.

पॉल स्पेक्टर यांचं १९८५ चं ‘जॉब सॅटिस्फॅक्शन सर्व्हे’ हे साधन भारतातल्या प्रबंधांत वारंवार दिसतं. ३६ विधानं, नऊ पैलू, सहा पायऱ्या; एकूण गुण ३६ ते २१६. त्यातली जवळपास निम्मी विधानं मुद्दाम उलटी, म्हणजे तक्रारीच्या सुरात आहेत. सगळीकडे ‘सहमत’ म्हणत सुटणारा माणूस त्यामुळे पकडला जातो. पण विश्लेषकाने या विधानांचे गुण ७ मधून वजा करून उलटवले नाहीत, तर काय होतं पाहा. एका पैलूची चार विधानं, दोन सुलटी आणि दोन उलटी. पूर्ण समाधानी माणूस ६, ६, १, १ अशी उत्तरं देईल. त्याची खरी बेरीज २४. न उलटवता १४, म्हणजे ४ ते २४ च्या बरोबर मध्यावर. पूर्ण असमाधानी माणूसही १४ वरच येतो. सगळी कंपनी मध्यावर गोळा झालेली आणि प्रमाण विचलन चमत्कारिकरीत्या लहान दिसलं, तर आधी ही चूक शोधावी. दुसरी अशीच चूक स्प्रेडशीटमधली : सरासरीचं सूत्र रिकामा चौकोन वगळतं, पण तिथे कुणी ० भरलं असेल तर तेही मोजतं. ‘लागू नाही’साठी ९ किंवा ९९ लिहायची सवय असेल तर मग विचारायलाच नको. कमाल आणि किमान किंमत आधी छापली, की ही चूक एका मिनिटात सापडते.

पण सर्वांत मोठा घोळ उत्तरांच्या हिशोबात नसतो, न आलेल्या उत्तरांत असतो. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो ती भात ढवळून, शीत आपण निवडून. कंपनीच्या सर्वेक्षणात शितं आपली आपण वर येतात. हजार कर्मचाऱ्यांपैकी सहाशेंनी अर्ज भरला आणि त्यातले ७० टक्के, म्हणजे ४२०, समाधानी निघाले. न भरलेले चारशे सगळे नाराज असतील तर कंपनीतलं समाधान ४२ टक्के. सगळे खूश असतील तर ८२. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठे तरी आहे. ही दोन टोकं कुणीच छापत नाही, कारण ती छापली की स्लाइडवरचा बाण हास्यास्पद वाटू लागतो. निदान कुठल्या विभागातून, कुठल्या पाळीतून किती टक्के अर्ज आले एवढी सारणी तरी द्यावी. अमेरिकेच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचं ‘फेडरल एम्प्लॉयी व्ह्यूपॉइंट सर्व्हे’ २००२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालं. त्याच्या अहवालांत प्रत्येक प्रश्नाची अनुकूल, तटस्थ आणि प्रतिकूल अशी तिन्ही टक्केवारी आणि प्रतिसादाचं प्रमाण छापलेलं असतं. अलीकडच्या वर्षांत ते प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं. एवढा कमी प्रतिसाद उघड सांगायला धैर्य लागतं.

आपल्याकडे याच्याही आधीचा प्रश्न आहे : अर्ज दिला कुणाला? वार्षिक उद्योग सर्वेक्षणानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या संघटित कारखान्यांतल्या कामगारांपैकी सुमारे ४० टक्के कंत्राटी होते. चाकण असो, वाळूज असो की बुटीबोरी, एमआयडीसीतल्या कारखान्यात सर्वेक्षणाची लिंक कंपनीच्या ईमेलवर गेली, की ज्यांना कंपनीचा ईमेल नाही ते आपोआप वगळले जातात. कंत्राटदाराची माणसं ‘आमचे कर्मचारी’च नसतात. मग आकडे काय करामत करतात? समजा, गेल्या वर्षी शॉप फ्लोअरवर ३०० कायम कामगार होते, त्यातले ४० टक्के समाधानी; ऑफिसात १०० जण, ७० टक्के समाधानी. एकूण ४७.५ टक्के. यंदा शॉप फ्लोअरचे २०० जण कंत्राटावर गेले आणि हिशोबातून वजा झाले. ऑफिस ३०० चं झालं. शॉप फ्लोअरचं समाधान ३८ वर घसरलं, ऑफिसचं ६८ वर. दोन्हीकडे घट. एकूण आकडा मात्र ६०.५ टक्के! तेरा अंकांची वाढ, आणि एकही गट पूर्वीपेक्षा खूश नाही.

सुरुवातीच्या स्लाइडवरची ३.७ वरून ३.८ ही वाढही अशीच तपासता येते. दोनशे माणसांच्या ऑफिसची सरासरी ३.७ म्हणजे गुणांची बेरीज ७४०. वर्षभरात १ गुण देणारे आठ जण राजीनामा देऊन गेले. उरले १९२ जण आणि ७३२ गुण : सरासरी ३.८१. कुणाचंही समाधान तसूभरही वाढलं नाही. आठ नाराज माणसं निघून गेली आणि हिरवा बाण उगवला. त्यांच्या जागी आलेल्या नव्या लोकांचे पहिले काही महिने कौतुकाचे असतात, त्यामुळे आकडा आणखी चढतो. गळती जास्त असलेल्या कंपनीत समाधानाची सरासरी चांगली राहू शकते ती यामुळे. समाधानाचा आलेख दाखवताना शेजारी गळतीचा आलेख नसेल, तर पहिल्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गटागटांची तुलना करतानाही सावध राहावं लागतं. ब्रिटनमधल्या घरोघरच्या पाहणीच्या आधारे अँड्र्यू क्लार्क यांनी १९९७ मध्ये दाखवलं की पगार आणि बढतीत मागे असूनही स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त समाधान सांगत होत्या. क्लार्क यांनी त्याचं कारण अपेक्षांमध्ये शोधलं : ज्यांना नोकरीकडून कमी अपेक्षा ठेवायला शिकवलं गेलं, त्या थोडक्यात समाधान मानतात. म्हणून ‘महिला कर्मचारी अधिक समाधानी’ ही ओळ वाचून समान वेतनाचा विषय बाजूला ठेवणारा व्यवस्थापक आकड्यांचा अर्थ नेमका उलटा लावतो.

अलीकडे एकाच प्रश्नावर काम भागवायची टूम निघाली आहे : ‘आमची कंपनी मित्राला सुचवाल का?’ ० ते १०. फ्रेड रायकेल्ड यांनी २००३ मध्ये ग्राहकांसाठी मांडलेला हा मापदंड कंपन्यांनी कर्मचाऱ्यांनाही लावला. ९-१० देणाऱ्यांच्या टक्क्यांतून ० ते ६ देणाऱ्यांचे टक्के वजा करायचे. निम्मे १० आणि निम्मे ० देत असतील तरी उत्तर शून्य. सगळे ८ देत असतील तरी शून्य. अकरा पायऱ्यांची माहिती गोळा करून तिच्यातली बरीचशी फेकून देणारा दुसरा मापदंड शोधूनही सापडणार नाही. वापरायचाच असेल तर शेजारी अकरा स्तंभांचा आलेख लावावा.

नाव न विचारता वय, लिंग, विभाग, हुद्दा आणि नोकरीची वर्षं विचारली, की सहा माणसांच्या विभागात नाव विचारल्यासारखंच होतं. म्हणून दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवू नये. अमेरिकेच्या त्या सरकारी सर्वेक्षणात हाच दंडक आहे. हा नियम पाळला जात नाही अशी शंका एकदा आली, की पुढच्या वर्षीची उत्तरं सगळी ‘सहमत’ येतात, आणि मग कुठलंही प्रमाण विचलन काढून उपयोग नसतो.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या काळात पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणक नसलेल्या त्या काळातल्या पाहणीचं बळ सारण्यांत होतं : कुणाला विचारलं, किती जणांना, कुठल्या पेठेत, आणि उत्तरं कशी विखुरलेली होती. कर्मचारी-समाधानाच्या आपल्या अहवालांनी चकचकीत डॅशबोर्डऐवजी हा साधेपणा उचलला तरी पुष्कळ होईल.

तुमच्या कंपनीत यंदा असं सर्वेक्षण झालं असेल आणि निकाल एका आकड्यात सांगितला गेला असेल, तर मनुष्यबळ विभागाला एक ईमेल लिहा. प्रत्येक प्रश्नाला १ पासून ५ पर्यंत किती-किती उत्तरं आली, कोणत्या विभागातून किती टक्के अर्ज आले, कंत्राटी लोकांना विचारलं होतं का, आणि वर्षभरात किती जण सोडून गेले, एवढं मागा. ही माहिती त्यांच्याकडे आधीच असते. ती सारणीत मांडायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही.